बायबल अवश्य वाचा, पण डोळसपणे!

जानेवारी २०२० मध्ये, त्या वेळी उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या धाराशिव नगरीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९८२ साली याच जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे लातूरकरांना हे संमेलन घरचेच वाटले तर नवल नव्हते. अध्यक्षपदी होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर होताच महाराष्ट्रात दोन तट पडले. एका तटाने 'धर्मगुरू अध्यक्ष कसा?' म्हणून विरोध केला. दुसऱ्या तटाने त्या विरोधालाच असहिष्णुता ठरवून स्वतःच्या उदारमतवादाची आरती ओवाळून घेतली. त्या गदारोळात ज्या ग्रंथामुळे दिब्रिटोंचे नाव झाले, त्या ग्रंथावर चर्चा मात्र अभावानेच झाली. विरोध करणाऱ्यांनी बायबल उघडले नाही आणि गौरव करणाऱ्यांनीही उघडले नाही. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो निवर्तले. वाद केव्हाच विरला. प्रश्न तेवढा मागे उरला. ज्या ग्रंथाने निम्म्या जगाच्या इतिहासाला वळण दिले आणि गोव्यापासून अहमदनगरपर्यंत मराठी समाजजीवनात चारशे वर्षे हस्तक्षेप केला, तो ग्रंथ हिंदू समाज अभ्यासणार आहे की नाही?

उत्तर स्पष्ट आहे. अभ्यासलाच पाहिजे. श्रद्धेसाठी नव्हे, तसेच टवाळीसाठीही नव्हे. एक साहित्यकृती म्हणून, तिची रचना, तिचे आशयसूत्र, तिचा आकृतिबंध ध्यानात घेऊन अभ्यासला पाहिजे. लातूरच्या माणसाला 'पॅटर्न' हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. प्रश्नपत्रिकेमागचा आकृतिबंध ओळखला की उत्तर सापडते, हे ज्या शहराने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले, त्या शहराला ग्रंथामागचा आकृतिबंध ओळखणे अवघड का जावे?

ग्रंथ एक, हात अनेक

बायबल हा एक ग्रंथ नव्हे, ते एक ग्रंथालय आहे. अनेक शतके, अनेक लेखक, अनेक हेतू यांतून ते घडले. 'उत्पत्ती'च्या पहिल्या दोन अध्यायांत सृष्टिनिर्मितीच्या दोन निरनिराळ्या कथा शेजारी-शेजारी आहेत. पहिलीत मनुष्य सर्वांत शेवटी निर्माण होतो, दुसरीत पशुपक्ष्यांच्या आधी. जलप्रलयाच्या कथेचे मेसोपोटेमियातील जुने रूप जॉर्ज स्मिथ या विद्वानाने १८७२ मध्ये मातीच्या विटांवरील लेखांतून उजेडात आणले. जर्मन पंडित युलिउस वेलहाउझेन यांनी १८७८ मध्ये मोशेच्या नावावरील पाच ग्रंथ अनेक प्रवाहांच्या संकलनातून झाल्याची मांडणी प्रभावीपणे पुढे आणली. तिच्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण चिकित्सा थांबली नाही.

साहित्य म्हणून त्यातील कित्येक भाग श्रेष्ठ आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हिब्रू काव्यात यमकाला महत्त्व नाही. एका चरणात सांगितलेला विचार दुसऱ्या चरणात फिरवून, वाढवून किंवा उलटवून पुन्हा सांगायचा, ही त्याची लय आहे. ऑक्सफर्डमधील रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ मध्ये या समांतर रचनेचे विवेचन प्रसिद्ध केले. ११९ व्या स्तोत्रात हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांसाठी प्रत्येकी आठ अशा १७६ ओळी बांधल्या आहेत. चित्रकाव्याची परंपरा असलेल्या देशाला हे कौशल्य परके वाटणार नाही. निरपराध ईयोबाने देवालाच जाब विचारणे, मवाबी म्हणजे परकी असलेल्या रूथने सासूची साथ न सोडणे, शत्रूच्या निनवे नगरीवर देवाने दया केली म्हणून योनाने रुसून बसणे, उधळ्या पुत्राला बापाने उराशी धरणे, या कथा कोणत्याही संवेदनशील वाचकाला भिडतात. स्वामी विवेकानंद परिव्राजक अवस्थेत गीतेबरोबर 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' हा ख्रिस्ती भक्तिग्रंथ जवळ बाळगत. त्याच्या काही भागाचा बंगाली अनुवादही त्यांनी १८८९ मध्ये केला. त्यांचे हिंदुत्व त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. ते अधिक सावध आणि समर्थ झाले, हे शिकागोने पाहिले.

'पूर्तते'चे सूत्र

या सगळ्यांच्या वर एक आकृतिबंध आहे आणि तोच हिंदू वाचकाने सर्वांत बारकाईने पाहायला हवा. त्याला 'पूर्तते'चे सूत्र म्हणता येईल. आधी जे घडले ती छाया, नंतर जे आले ते सत्य. आदाम ही ख्रिस्ताची पूर्वखूण. अब्राहामाने इसहाकाला बळी द्यायला नेणे ही क्रुसाची पूर्वखूण. वल्हांडणाचा कोकरा आणि माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना हीसुद्धा पूर्वखूणच. 'इब्री लोकांस पत्र' तर यहुद्यांच्या साऱ्या नियमशास्त्राला येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणते. म्हणजे जुन्या ग्रंथाचा अर्थ जुन्या ग्रंथात नाही. तो नंतरच्या ग्रंथाने येऊन सांगायचा!

उदाहरण पाहा. होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या पुत्राला मिसरातून बोलावल्याचा उल्लेख करतो. तिथे 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र आणि संदर्भ आहे होऊन गेलेल्या निर्गमाचा. मत्तय तेच वाक्य उचलतो आणि बाल येशूच्या मिसरातून परतण्याला लावतो. भूतकाळाच्या स्मरणाचे असे भविष्यवाणीत रूपांतर होते. यशायाच्या ग्रंथात मूळ हिब्रू शब्द 'तरुण स्त्री' या अर्थाचा आहे. ग्रीक भाषांतरात तो 'कुमारी' झाला आणि त्यावर मत्तयाने आपल्या कथेचा पाया रचला. इतकेच नव्हे, तर ग्रंथांचा क्रमही बदलला. यहुद्यांचे पवित्र शास्त्र 'इतिहास' या ग्रंथाने संपते आणि त्याच्या अखेरीस सायरस राजा निर्वासितांना मायदेशी परतून मंदिर उभारण्याची मुभा देतो. स्वदेश, मंदिर, पुनरागमन हा तिथला शेवटचा शब्द. ख्रिस्ती क्रमात जुना करार मलाखीने संपतो, येणाऱ्या दूताच्या प्रतीक्षेवर. पान उलटले की समोर मत्तय! शब्द बहुतांशी तेच राहिले, पण मांडणी बदलली आणि एका जिवंत समाजाचा स्वयंपूर्ण ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना होऊन बसला. त्याचे नावही 'जुना' करार पडले. ज्यांचा तो ग्रंथ होता, त्या यहुद्यांना कोणी विचारले नाही.

हे सूत्र यहुद्यांपाशी थांबले असते, तर मराठी माणसाने त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. ते थांबले नाही.

साष्टीतील पुराण

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पैठणच्या एकनाथ महाराजांचे भागवत त्याआधी काही वर्षांपूर्वीच पूर्ण झाले होते. स्टीफन्सने मराठी आत्मसात केली, ओवी पचवली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आरंभी नमन, मग श्रोता-वक्ता संवाद, स्वर्गाला 'वैकुंठ' हे नाव, अध्यायांना 'अवस्वरू' ही संज्ञा, मराठी भाषेची मनोहर स्तुती. सारा थाट पुराणिकाचा. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाला मानाचे पान आहे. ते त्याने भाषेच्या बळावर मिळवले आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये.

तथापि, वर्गात शिकवताना हे कौतुक पुरे होते आणि इतिहास अर्धा सुटतो. ग्रंथाची वाटणी पाहा. 'पहिले पुराण' ३६ अवस्वरूंचे, ते जुन्या कराराचे. 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरूंचे, ते ख्रिस्तचरित्राचे. छाया आणि पूर्तता यांचा तोच आकृतिबंध. पण त्या श्रोत्यांचे स्वतःचे एक पहिले पुराण होतेच! ते कुठे गेले? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरांचा पद्धतशीर विध्वंस झाला. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांचा क्षोभ होऊन पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यासाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होता. पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. 'क्रिस्तपुराणा'च्या जन्माची कथा तर त्या ग्रंथातच आहे. धर्मांतरित ब्राह्मण श्रोता पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्या जागी दुसरे काही द्याल की नाही? त्या प्रश्नातील पोरकेपण ज्याला ऐकू येत नाही, त्याने हा ग्रंथ वाचलाच नाही असे म्हटले पाहिजे.

स्टीफन्सने स्वतः मंदिर पाडले, असे कोणी म्हणत नाही. त्याचे भाषाप्रेम खोटे होते, असेही म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्याचे पुराण रिकाम्या केलेल्या जागेवर उभे राहिले आणि ज्या मराठीची त्याने स्तुती गायिली, त्या मातीतील भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोला, असे फर्मान १६८४ मध्ये त्याच सत्तेने काढले. ओवीचा उपयोग संपला, तशी ओवीची भाषाही नकोशी झाली.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवलेली त्या काळची हस्तलिखिते जपलेली आहेत. म्हणजे आलेल्या पाद्र्यांनी आपले ग्रंथ नेटाने वाचले, त्यांची धाटणी टिपून घेतली आणि मगच लेखणी उचलली. चारशे वर्षांनंतर आपल्यापैकी किती जणांनी त्यांचा ग्रंथ त्याच चिकाटीने वाचला आहे?

मुकुट कोणाच्या डोक्यावर?

एकोणिसाव्या शतकात तोफा मागे गेल्या, युक्तिवाद पुढे आला. कृष्णमोहन बॅनर्जी या धर्मांतरित बंगाली पंडिताने १८७५ मध्ये वेदांतील प्रजापतीच्या यज्ञाला ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वखूण ठरवले. जे. एन. फार्कर या स्कॉटिश मिशनऱ्याने १९१३ मध्ये हिंदू धर्माचा 'मुकुट' म्हणून ख्रिस्ताला पुढे करणारा ग्रंथ लिहिला. भाषा किती गोड! वेद वाईट नाहीत, उपनिषदे वाईट नाहीत, फक्त अपुरी आहेत. यहुद्यांच्या शास्त्राला जी वागणूक मिळाली, तीच आता वेदांच्या वाट्याला आली. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी कबुली दिली. टिळकांची कविता निर्मळ आहे, देशप्रेम निःसंशय आहे. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी निष्ठेने पुढे नेले. पण विचार करावा: पूल हा ओलांडण्यासाठी असतो, राहण्यासाठी नव्हे. वारकऱ्याला तुकोबा मुक्कामाचे ठिकाण आहेत.

इथे एक कठोर आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. टिळक का गेले, पंडिता रमाबाई का गेल्या, याचे उत्तर केवळ मिशनऱ्यांच्या चातुर्यात शोधणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. विधवेला माणूस म्हणून न वागवणाऱ्या, अस्पृश्याला पाणी नाकारणाऱ्या समाजाने ती दारे स्वतःच्या हाताने उघडून दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांमधील ख्रिस्ती धर्मप्रसाराची चिकित्सा लेखणीने केली. धर्मांतरित अस्पृश्याला तिथेही जात सुटत नाही, हे नोंदवले आणि अखेर १९५६ मध्ये याच भूमीतील बुद्धाचा मार्ग स्वीकारला. अभ्यास करून निर्णय घेणे म्हणजे काय, याचा मराठी भाषेच्या प्रदेशात याहून मोठा दाखला नाही.

प्रतिपक्ष विचारील, हिंदूंनीही बुद्धाला अवतारमालिकेत बसवलेच ना? प्रश्न रास्त आहे आणि बाबासाहेबांनी आपल्या प्रतिज्ञांतून त्याला स्पष्ट नकारही दिला. ज्याला दुसऱ्याने आपल्या चौकटीत बसवले, त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो. तोच अधिकार वेद-पुराणांना, तुकोबांना आणि ज्ञानोबांना मानणाऱ्या समाजालाही आहे, एवढेच म्हणणे आहे.

नांदेडने दाखवलेली वाट

दोन परंपरा एकमेकींना कशा भेटू शकतात, हे पाहायला युरोपात जाण्याची गरज नाही. नांदेडला गोदावरीच्या तीरावर जावे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. कबीर, रविदास आणि शेख फरीद यांचीही वाणी आहे. नामदेवांची पदे तिथे नामदेवांच्याच नावाने, विठ्ठलाच्या उच्चारासह गायिली जातात. नामदेव ही कोणाची तरी छाया होती, त्यांचा अर्थ पुढे आलेल्याने सांगावा, त्यांना पंढरी सुटली पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. नांदेडचा शीख मत्था टेकतो तेव्हा त्या ग्रंथातील नामदेवांपुढेही टेकतो आणि आषाढीला त्याच नामदेवांचे अभंग गात दिंडी पंढरपूरला जाते. दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा, त्याच्या अर्थासह स्वीकारणे आणि दुसऱ्याचा शब्द स्वतःच्या अर्थाची प्रस्तावना म्हणून वापरणे, या दोहोंतील अंतर ग्रंथसाहिब आणि बायबल शेजारी ठेवून वाचले की लख्ख दिसते. नांदेड-लातूरच्या मराठी शिक्षकांनी हा तौलनिक अभ्यास हाती घ्यावा. त्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्या अंगणात आहे.

मापदंड एकच हवा

रामायणाच्या अनेक पाठांची चिकित्सा विद्यापीठांत चालते. चालावी. महाभारतातील प्रक्षेप शोधले जातात. शोधावेत, पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते काम जगाला आदर्श वाटावे असे केले. मग चार शुभवर्तमानांतील चार निरनिराळ्या निवेदनांची चर्चा मराठीच्या वर्गात का होऊ नये? 'अनुवाद' या ग्रंथात इतरांच्या वेद्या मोडा, मूर्ती फोडा अशा आज्ञा आहेत. साष्टीतील विध्वंसाशी त्यांचे नाते तपासणारा प्रश्न परीक्षेत का विचारला जाऊ नये? हिंदू ग्रंथ आले की चिकित्सा आणि इतरांचे ग्रंथ आले की सद्भाव, ही जी पुरोगामी वाटणी आहे, तिला सेक्युलर म्हणता येत नाही. तो सरळसरळ पक्षपात आहे. एकाच ग्रंथात 'अनुवाद'ची आज्ञाही आहे आणि योनाच्या कथेतील करुणाही आहे, हे सांगणारा शिक्षकच खरा निःपक्षपाती.

आणि ज्यांना हा पक्षपात बोचतो, त्यांनी काय करावे? १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला, तो बायबल वाचून. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत उभे राहिले, ते तयारीनिशी. त्यांच्या वारसांनी आज पुस्तक न उघडता घोषणा द्यायच्या, हे त्या पूर्वजांना शोभणारे नाही. ज्या कार्यकर्त्याला होशेय आणि मत्तय यांतील फरक सांगता येतो, त्याला वस्तीवर जाऊन कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. प्रजापती म्हणजेच ख्रिस्त, असे कोणी सांगू लागले की तो शांतपणे मूळ संदर्भ पुढे ठेवतो. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी त्याचे भांडण नसते. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच तो आपल्या श्रद्धेचा मान मागतो.

नांदेड आणि लातूरमधील प्रत्येक अभ्यासमंडळाने एक वर्ष यासाठी द्यावे. आठवड्यातून एक बैठक पुरे. पहिले सहा महिने बायबल, त्यासोबत यहुदी आपल्या शास्त्राचा अर्थ कसा लावतात त्याची ओळख. पुढचे सहा महिने 'क्रिस्तपुराण' आणि गोव्याचा इतिहास, एकत्र. घराघरांतील महाविद्यालयीन मुले-मुली यात असावीत, कारण प्रश्न त्यांनाच विचारले जाणार आहेत. साष्टीतल्या त्या श्रोत्याकडून त्याची पुराणे हिरावून घेतली गेली होती, म्हणून त्याला दुसरी मागावी लागली. आपली पुराणे आपल्या फडताळात शाबूत आहेत. तीही त्याच वर्षी खाली काढावीत आणि दोन्ही ग्रंथ समोर ठेवून वाचायला बसावे.